रँसला कुणीच पोचत नाही

पेझारोत ऑगस्टच्या मध्यावर सकाळी अकरा वाजता ऑपेरा असतो. सकाळचं गाणं म्हटलं की आपल्याला ललत, तोडी आठवते. ऑपेरा म्हणजे मात्र झुंबरं, मखमल आणि रात्री उशिरा संपणारा मामला, अशी माझी समजूत. बोलोन्यात नोकरीला असलेला माझा भाचा तिकीट उलटसुलट करून बघत होता. "मावशी, अगं अकरा म्हणजे रात्रीचे असतील. नाहीतर छापण्यात घोळ आहे." घोळ नव्हता. तेव्हा सुटीच्या दिवशी त्याला पहाटे उठवलं आणि अँकोनाकडे जाणारी गाडी धरली.

ही गाडी बोलोन्याहून निघते ती रिमिनीपर्यंत सपाट शेतांतून धावते. पीच आणि द्राक्षांच्या बागा, मध्येच एखादं साखरझोपेतलं स्टेशन. रिमिनीला अर्धा डबा रिकामा होतो, कारण पोहण्याचे कपडे आणि रबरी चपला घेऊन आलेली मंडळी तिथेच उतरतात. पुढे कात्तोलिकानंतर सान बार्तोलोचा डोंगर मध्ये येतो आणि इतका वेळ दिसेल दिसेल वाटणारा समुद्र त्याच्या पाठीमागे जातो. डोंगर संपला की पेझारो. मार्के प्रांतातलं, एड्रियाटिकच्या काठावरचं हे मध्यम गाव. किनाऱ्यावर छत्र्यांच्या रांगा, चौकात शिल्पकार आर्नाल्दो पोमोदोरोने केलेला ब्राँझचा भलाथोरला भेगाळलेला गोल आणि सायकलींची ये-जा. बेनेल्ली मोटारसायकली इथल्याच. पण गावाचा खरा धंदा विचाराल तर रॉसिनी.

ऑपेरांचा रचनाकार जोआकिनो रॉसिनी इथे 29 फेब्रुवारी 1792 रोजी जन्मला. चार वर्षांनी एकदा येणाऱ्या वाढदिवसावर गाव समाधान मानत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस दरवर्षी त्याचा 'न-वाढदिवस' साजरा होतो. वडील गावचे कर्णेवाले, म्हणजे नगरपालिकेच्या दवंड्यांना तुतारी फुंकणारे, आणि नाटकमंडळीत हॉर्न वाजवणारे. आई पाववाल्याची मुलगी. पुढे तीही रंगभूमीवर गायली. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. चिंचोळं, उभं, एकावर एक खोल्या चढवलेलं. वरच्या मजल्यावर जाताना जिना इतका अरुंद की समोरून एक जर्मन आजोबा उतरत होते त्यांना वाट देण्यासाठी मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. भिंतींवर व्यंगचित्रंच जास्त. पोट सुटलेला, खाण्यावर प्रेम करणारा रॉसिनी युरोपभरच्या व्यंगचित्रकारांना फार आवडत असे.

गावाचं आणि त्याचं नातं मात्र वाटतं तेवढं गोड नाही. लहानपणीच आईवडिलांबरोबर तो लुगो आणि मग बोलोन्याला गेला. जून 1818 मध्ये इथलं नवं नाट्यगृह उघडलं तेव्हा त्याने स्वतः येऊन आपला 'ला गाझ्झा लाद्रा' हा ऑपेरा बसवून दिला. पुढच्याच वर्षी, 1819 च्या मे महिन्यात, तो पुन्हा आला तर त्याच नाट्यगृहात शिट्ट्या आणि आरडाओरडा. तेव्हा इंग्लंडची राजवधू कॅरोलाइन पेझारोत मुक्काम ठोकून होती. तिच्या बैठकीचं आमंत्रण रॉसिनीने नाकारलं होतं, आणि तिच्या माणसांनी त्याचा असा सूड घेतला. तो त्याच रात्री निघून गेला आणि पुन्हा कधी पेझारोत आला नाही. त्यानंतर तो जवळजवळ पन्नास वर्षं जगला.

असं असून मृत्युपत्रात त्याने आपली मिळकत पेझारोच्या नगरपालिकेला लिहून दिली. आधी ती पत्नीच्या हयातीपुरती तिच्याकडे, तिच्यामागे गावाकडे, आणि अट एकच, की तिथे संगीताची शाळा काढायची. रॉसिनी 1868 मध्ये पॅरिसमधल्या पासीत वारला, पत्नी ओलँप 1878 मध्ये गेली, आणि 1882 मध्ये शाळा उघडली. पुतळा उभारा, नाव द्या, असलं काही त्याने मागितलं नव्हतं. (पुतळा होता, तो त्याच्या हयातीतच उभारला गेला होता. ब्राँझचा, खुर्चीत बसलेला. तो आता त्या शाळेच्याच अंगणात आहे.) दुसऱ्या कुठल्या मोठ्या कलावंताने आपल्या पैशाचा इतका नेमका विचार केल्याचं मला चटकन आठवत नाही. ज्या गावाने हाकललं त्या गावातली पोरं गायला शिकावीत, एवढंच. आम्ही अकराच्या प्रयोगाला निघालो होतो तो याच धाग्याचा पुढचा पीळ आहे.

1980 मध्ये गावाने रॉसिनीच्या ऑपेरांचा महोत्सव सुरू केला. तोवर जगाला त्याचा 'सेव्हिलचा न्हावी' आणि आणखी दोनचार विनोदी नाटकं तेवढी ठाऊक होती. त्याने एकोणचाळीस ऑपेरा लिहिले. सगळे वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत, आणि मग 'विल्यम टेल' झाल्यावर हात आवरला तो आवरलाच. त्यातले कितीतरी ऑपेरा कपाटात पडून होते, आणि जे गायले जात ते शंभर वर्षांच्या सवयीने मळलेल्या प्रतींवरून. रॉसिनी प्रतिष्ठानच्या अभ्यासकांनी हस्तलिखितं तपासून शुद्ध प्रती छापायच्या आणि महोत्सवाने त्या रंगमंचावर उभ्या करायच्या, असा बेत ठरला. पण प्रती शुद्ध झाल्या तरी त्या गाणार कोण? रॉसिनीची गायकी मधल्या काळात बुडाली होती. व्हेर्दी, पुच्चिनी या नंतरच्या रचनाकारांसाठी तयार केलेला भरदार गळा या बारीक कामाला वळत नाही. म्हणून आल्बेर्तो झेद्दा या कंडक्टर-अभ्यासकाच्या पुढाकाराने 1989 मध्ये तरुण गायकांसाठी अकादमी निघाली. झेद्दा 2017 मध्ये गेले, आता ती त्यांच्या नावाने चालते. दर उन्हाळ्यात देशोदेशीची मुलं निवड होऊन येतात, शैली, उच्चार, अभिनय यांची तालीम घेतात, आणि ऑगस्टमध्ये महोत्सवाच्या रंगमंचावर उभी राहतात. 2001 पासून दरवर्षी त्यांना गायला मिळतो तो एकच ऑपेरा: 'इल विआज्जो आ रँस', रँसचा प्रवास.

या ऑपेरात प्रवासच घडत नाही. फ्रान्सचा नवा राजा दहावा शार्ल याचा राज्याभिषेक रँसच्या कॅथीड्रलमध्ये व्हायचा आहे. तो पाहायला निघालेली युरोपभरची बडी माणसं प्लोंबिएर या गरम झऱ्यांच्या गावी 'सोनेरी लिली' नावाच्या खानावळवजा हॉटेलात अडकली आहेत. पोलिश सरदारीण, रशियन काउंट, स्पॅनिश आरमारी अधिकारी, इंग्रज लॉर्ड, संगीतवेडा जर्मन बॅरन, जुन्या वस्तूंच्या मागे लागलेला विद्वान, रोमची कवयित्री, पॅरिसची फॅशनवेडी काउंटेस. बांधाबांध होते, प्रेमं जमतात, रुसवे होतात, आणि ऐनवेळी कळतं की आसपास भाड्याला एकही घोडा शिल्लक नाही. सगळे गेलेत राज्याभिषेकाला. मग काय? प्रवासाच्या पैशातून जंगी जेवण करायचं, उरलेले गरिबांना वाटायचे, आणि राजा पॅरिसला परतला की तिथला सोहळा बघायचा. कथा संपली. अडीच-पावणेतीन तासांच्या करमणुकीला एवढं कथानक पुरवणारा लुइजी बालोक्की हा कवी धीट म्हटला पाहिजे.

रॉसिनीने हे 1825 मध्ये पॅरिसच्या इटालियन रंगभूमीसाठी, खऱ्याखुऱ्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने लिहिलं. 19 जूनला पहिला प्रयोग झाला. प्रसंग संपला की नाटक संपणार हे तो ओळखून होता. चारच प्रयोगांनंतर त्याने ते मागे घेतलं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं संगीत तीन वर्षांनी 'काउंट ओरी'मध्ये वापरून टाकलं. उरलेली पानं कुठे गेली कुणाला पत्ता नव्हता. दीडशे वर्षांनी, 1970 च्या दशकात, रोमच्या सांता चेचिलिया संगीतशाळेच्या ग्रंथालयात हस्तलिखिताचा मोठा भाग सापडला. इतर तुकडे पॅरिस आणि व्हिएन्नाहून. अमेरिकन अभ्यासक जॅनेट जॉन्सन आणि फिलिप गॉसेट यांनी ते जुळवले आणि ऑगस्ट 1984 मध्ये कंडक्टर क्लाउदिओ आब्बादोने पेझारोतच, रॉसिनीच्या पैशातून निघालेल्या शाळेच्या सभागृहात, ते पुन्हा उभं केलं. दिग्दर्शक लुका रोन्कोनीच्या त्या प्रयोगात राजाची मिरवणूक चक्क गावातल्या रस्त्यांवरून निघाली होती, आणि आत बसलेले लोक ती पडद्यांवर बघत होते.

तेव्हा गाणारे सगळे त्या काळचे नामांकित. आता तेच काम विशी-पंचविशीतल्या मुलांच्या गळ्यात. अवघड आहे का? फार. चौदा स्वतंत्र गाणाऱ्या भूमिका, जवळपास प्रत्येकाला एक कस लावणारी जागा, आणि एकमेकांत गुंतलेले समूह. रॉसिनीने हा ऑपेरा त्या वेळी पॅरिसमध्ये होते तेवढे सगळे उत्तम गळे एकत्र आणून बेतला होता. ज्युदित्ता पास्तासारखी गायिका त्यात कवयित्री झाली होती. शिकाऊ मुलांना असली जोखीम द्यायची म्हणजे गुरूची छाती हवी. पण शाळेच्या दृष्टीने याच्याइतका सोयीचा ऑपेराही नाही. एकच नायक-नायिका आणि बाकीचे हुजरे, असा प्रकार नाही. प्रत्येकाला काहीतरी मिळतं. शिवाय दोन प्रयोगांत भूमिका बदलतात.

नाट्यगृह गावाच्या मुख्य चौकापासून चालत काही मिनिटांवर. घोड्याच्या नालेच्या आकाराचं, चार मजले सज्जे. सकाळच्या प्रयोगाला वेशभूषेचा जाच नव्हता. माझ्या पुढच्या रांगेतल्या दोन बायका सरळ बाजारातून आल्या होत्या. एकीच्या पिशवीतून सेलरीचे दांडे डोकावत होते. त्यांना सगळं तोंडपाठ. गाणारी मुलगी श्वास कुठे घेणार हे आधीच ठाऊक असल्यासारख्या त्या मान हलवत. पंचवीस वर्षं दर ऑगस्टला तोच ऑपेरा, तीच दिग्दर्शक एमिलिओ साखीची मांडणी बघितल्यावर आणखी काय होणार! साखीने हॉटेलाचं आधुनिक आरोग्यकेंद्र केलं आहे. पांढऱ्या झग्यांत, पांढऱ्या आरामखुर्च्यांवर पडलेले सरदार-उमराव. नेपथ्याला खर्च कमी आणि बघायला प्रसन्न. नाहीतरी बाहेर किनाऱ्यावर अख्खं गाव तसंच पडलेलं होतं.

पॅरिसच्या काउंटेसची भूमिका करणारी मुलगी फार तर चोवीसची असेल. तिच्या कपड्यांच्या पेट्या घेऊन येणारी गाडी उलटली आहे ही बातमी ऐकून ती बेशुद्ध पडते, शुद्धीवर येते, आणि मग आपल्या गेलेल्या कपड्यांसाठी असा शोक करते की जणू घरातलं माणूस गेलं. तेवढ्यात दासी एक डबा घेऊन येते. एक टोपी वाचली आहे! आणि त्या एका टोपीसाठी आनंदाचा पूर येतो, उतरत्या-चढत्या तानांचा. ही गंमत कळायला इटालियन यावं लागत नाही. या मुलीचा आवाज अजून पातळ होता, खालच्या पट्टीत जवळजवळ ऐकू येईना, पण तान एकेक दाणा सुटा. आपल्या कानाला एक फरक लगेच जाणवतो. तिथली तान लिहिलेली असते, गायक ती जागेवर रचत नाही. मात्र कडवं दुसऱ्यांदा आलं की ते जसंच्या तसं म्हणणं गैर समजतात. तिथे स्वतःच्या जागा घ्यायच्या, त्याही रॉसिनीच्या वळणातल्या. त्याने स्वतः अनेक गायिकांना असल्या जागा लिहून दिल्या होत्या. या मुलीने दुसऱ्या वेळी टोपीभोवती अशी काही वेलबुट्टी काढली की पुढची सेलरीवाली बाई मोठ्याने "ब्राव्हा" म्हणाली.

रशियन काउंट झालेल्या टेनरचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. वरचा सूर घेताना आवाज फाटला. एक क्षण. तो थांबला नाही, पुढे गेला, उरलेलं द्वंद्वगीत नीट पार पाडलं, पण मान जरा खाली गेली होती. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी हसलं नाही, शिटी तर नाहीच. 1819 चं पेझारो बरंच निवळलं आहे म्हणायचं. गाणं संपल्यावर त्याला टाळ्या पडल्या त्या जरा जास्तच जोरात पडल्या, आणि त्या त्याला कदाचित जास्तच टोचल्या असतील.

सगळ्यात मोठी जागा येते ती घोडे नसल्याच्या बातमीवर. चौदा माणसं एकदम दगड होतात. वाद्यं गप्प. आणि मग साथीशिवाय, निव्वळ आवाज, एकेक करून एकात एक मिसळत जातात. कोरियन, जॉर्जियन, अर्जेंटिनी, इटालियन, कुठून कुठून आलेली ही मुलं. कार्यक्रमपत्रिकेतली नावं मला उच्चारता येत नव्हती. इंग्रज लॉर्ड आशियाई होता, पोलिश सरदारीण दक्षिण अमेरिकेची. साथ नसली की लपायला जागा राहत नाही, एकाने जरी सूर सोडला तरी सगळं बसतं. त्यांनी तो सोडला नाही. वाद्यवृंद परत आला तेव्हा सूर जागच्या जागी होता. आमचा भाचा, जो पहिल्या अर्ध्या तासात दोनदा डुलक्या काढून चुकला होता, ताठ बसून ऐकत होता.

मग शेवटचं जेवण. प्रत्येकाने आपल्या देशाचं गाणं म्हणायचं. जर्मन बॅरन हायडनच्या चालीवर, पोलिश बाई पोलोनेझ. इंग्रज लॉर्ड आढेवेढे घेतो, आपल्याला गाण्यातलं कळत नाही, एकच गाणं येतं म्हणतो, आणि उभा राहून म्हणतो ते त्यांचं राष्ट्रगीत. वॉटर्लूला दहा वर्षं झाली होती, कालपर्यंत एकमेकांची शहरं जाळणारे देश एका टेबलाशी बसले आहेत. रॉसिनीने याची थट्टा केली आहे की कौतुक, हे ठरवणं अवघड आहे. मला वाटतं दोन्ही. राजाची भलावण करायला पैसे घेतले आणि त्यांतच राजाच्या भाटांना हसून घेतलं. शेवटी कवयित्री हार्पच्या साथीवर राजावर आयत्या वेळी कवन रचते, आणि सगळे मिळून त्याचा जयजयकार करतात. पाच वर्षांनी, 1830 मध्ये, पॅरिसने याच राजाला हाकलून दिलं. आता तो जयजयकार ऐकताना शार्लचं नाव कुणाच्या डोक्यातही नसतं.

हे सगळं बघताना मला आपल्याकडच्या स्मृतिसमारोहांची आठवण येत होती, आणि तुलना टाळणं जमलं नाही. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. गुरूची आठवण गाऊनच करायची, हा त्यामागचा विचार पेझारोपेक्षा वेगळा नाही, आणि तिथे नव्या गायकांना संधी मिळत आली आहे हेही खरं. पण गावोगावच्या पुण्यतिथ्या बघा. तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, प्रायोजकांचा सत्कार, आणि उदयोन्मुख म्हणवणाऱ्या मुलामुलींना दुपारी साडेतीनची वेळ. मंडप रिकामा, ध्वनिवाला अजून वायरी जोडतो आहे, वीस मिनिटं झाली की विंगेतून चिठ्ठी. मुख्य कलाकार यायच्या आधी जागा भरून काढायला त्यांना बोलावलेलं असतं, आणि ते त्यांना कळतं. पेझारोत मुलांना अख्खा ऑपेरा मिळतो. मोठ्यांच्या नाटकात चिल्लर भूमिका नाही, स्वतंत्र प्रयोग, पूर्ण वाद्यवृंद, खरं नाट्यगृह, आणि समोर ज्यांना एकेक जागा पाठ आहे असे श्रोते. आवाज फाटायचा तर तोही तिथेच फाटू दे. दुपारी साडेतीनच्या रिकाम्या मंडपात फाटलेल्या आवाजातून कुणी काही शिकत नाही.

याचं फळही दिसतं. रशियन सोप्रानो ओल्गा पेरेत्यात्को 2006 मध्ये याच अकादमीत होती. आज महोत्सवाची कलात्मक सूत्रं ज्याच्याकडे आहेत तो पेरूचा टेनर हुआन दिएगो फ्लोरेस 1996 मध्ये तेवीस वर्षांचा, फारसं कुणाला माहीत नसलेला मुलगा होता. मुख्य टेनर ऐनवेळी गाऊ शकत नव्हता म्हणून 'मातिल्दे दी शाब्रान'मधली अतिशय कठीण भूमिका त्याने थोड्या दिवसांत बसवली आणि एका रात्रीत नाव झालं. अशी गोष्ट घडायला घाबरलेला टेनर आणि धीट महोत्सव दोन्ही लागतात.

प्रयोग दीड-पावणेदोनला सुटला. पोटात कावळे. गावातली एक खास गोष्ट खायची राहिली होती: रॉसिनी पिझ्झा. साध्या टोमॅटो-चीजच्या पिझ्झ्यावर उकडलेल्या अंड्याच्या चकत्या आणि वर मेयोनेजचे फराटे. पेझारोचे लोक तो सकाळी कॉफीबरोबरही खातात. भाच्याने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, तो फ्रान्सला का गेला ते आता कळलं." मी माझा संपवला. वाईट नाही, पण रॉसिनीच्या नावाने खपतो म्हणून खपतो, एवढंच म्हणेन. रॉसिनीला स्वतःला कलेजीची आणि ट्रफलची आवड होती.

पिझ्झ्याच्या दुकानात शेजारच्या टेबलावर तो टेनर आला. मेकअप पुसलेला, टी-शर्टात, दोघा मित्रांबरोबर. मला ओळख द्यावीशी वाटली, पण काय बोलायचं? आवाज फाटला तरी छान गायलात, असं कुणी कुणाला सांगू नये. तो मात्र हातवारे करून मित्रांना काहीतरी समजावत होता. हाताने गळ्यापासून वर एक रेघ काढली, मध्येच तोडली, पुन्हा काढली. दुसऱ्या प्रयोगात त्याला दुसरी भूमिका होती.

ऑगस्टमध्ये इटलीत असाल आणि फ्लोरेन्स-व्हेनिसच्या गर्दीला कंटाळला असाल तर पेझारोला जा. बोलोन्याहून थेट गाडी आहे, स्टेशनापासून नाट्यगृह पायी गाठता येतं. महोत्सवाचे मोठे प्रयोग महाग असतात, आणि तेही ऐकण्यासारखे असतातच. पण आधी तरुणांच्या 'विआज्जो'चं तिकीट काढा. ते त्या मानाने फारच स्वस्त असतं, वर्षाला दोनच प्रयोग होतात आणि लवकर संपतात. आणि वेळ नीट वाचा, सकाळचे अकरा म्हणजे सकाळचेच अकरा.